स्पायडर पुन्हा पुन्हा फाटतोय, मोठं कपलिंग लावू का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. 15 किलोवॉटची, मिनिटाला 1450 फेरे घेणारी मोटर आणि तिला जॉ कपलिंगने (दोन शाफ्टवर, म्हणजे फिरत्या दांड्यांवर, एकेक दातेरी हब आणि मधे पाकळ्यांचा मऊ स्पायडर) जोडलेला 85 अंश गरम पाण्याचा पंप. कपलिंगमधला पॉलियुरेथेनचा स्पायडर दर दीड-दोन महिन्यांनी फाटतो. आधी 92 शोअरचा (शोअर म्हणजे कडकपणाचं माप) होता, मग 98 चा कडक लावला. तो चार महिने टिकला, पण तेवढ्यात पंपाचं मेकॅनिकल सील (शाफ्टभोवतून पाणी बाहेर येऊ न देणारा भाग) गळायला लागलं. आता एक नंबर मोठं कपलिंग घ्यावं की सरळ गियर कपलिंग (धातूचे दात एकमेकांत बसणारं) टाकावं?

दोन्ही नको. उत्तर तुमच्या प्रश्नातच आहे, ते आधी दाखवतो. मऊ स्पायडर होता तेव्हा स्पायडर फाटत होता. कडक लावला तेव्हा स्पायडर वाचला आणि सील गेलं. म्हणजे शाफ्टवर येणारा आडवा जोर कमी झालाच नाही, त्याने फक्त जागा बदलली. मऊ स्पायडर तो जोर दाबून दाबून स्वतःच्या अंगावर घेत होता. कडक स्पायडर तो घेईना, मग तो शाफ्टमार्गे सीलवर आणि बेअरिंगवर गेला. गियर कपलिंगमध्ये तर मऊ भाग नाहीच. तिथे पुढचा नंबर बेअरिंगचा लागेल.

कॅटलॉगमध्ये जॉ कपलिंगसमोर 'कोन 1 अंश, समांतर सरक 0.3-0.4 मिमी चालेल' असं काहीतरी छापलेलं असतं. ते वाचून बहुतेक जण निर्धास्त होतात. पण तो आकडा कपलिंगचा आहे, पंपाचा नाही. तेवढ्या चुकीवर कपलिंग तग धरेल इतकंच तो सांगतो. सीलचे दोन घासणारे चेहरे काही मायक्रॉनांच्या पाण्याच्या थरावर चालतात, त्यांना त्या 0.3 मिमीशी काही देणंघेणं नाही. कपलिंग सोसतंय म्हणून यंत्रही सोसतंय, हा समज मी सर्वांत जास्त वेळा पाहिला आहे आणि सर्वांत जास्त नुकसान त्यानेच होतं.

आता ताकदीचा हिशेब करून टाकू, म्हणजे 'कपलिंग लहान पडतंय' ही शंका एकदाची मिटेल. टॉर्क (शाफ्ट फिरवणारा जोर) म्हणजे 9550 गुणिले किलोवॉट भागिले फेरे. 9550 × 15 ÷ 1450, म्हणजे सुमारे 99 न्यूटन-मीटर. सेंट्रिफ्यूगल पंप हा शांत लोड, तरी सर्व्हिस फॅक्टर (जादा भारासाठीचा गुणक) सढळ हाताने 1.5 धरा, 150 झाले. तुमच्या कपलिंगच्या कॅटलॉगमध्ये, तुम्ही वापरता त्याच मटेरियलच्या स्पायडरसमोर, तापमानाची सूट वजा करून 150 च्या वरचा आकडा दिसत असेल तर आकार बरोबर आहे. तापमानाची सूट विसरू नका. स्पायडर जितका गरम तितकी त्याची ताकद कमी, आणि ते कोष्टक कॅटलॉगच्या मागच्या पानावर असल्याने कुणी उघडत नाही.

पण आकड्यांपेक्षाही मला तुमचा फाटलेला स्पायडर बघायचा आहे. तुम्ही तो फेकून दिला असेल, जवळपास सगळेच देतात. यापुढे निघालेला प्रत्येक स्पायडर तारखेची चिठ्ठी बांधून ठेवा. इतका स्पष्ट पुरावा दुसरा कुठलाही भाग देत नाही.

स्पायडर हातात घ्या आणि पाकळ्या एकेक करून बघा. सहा पाकळ्यांचा असेल तर एकाच दिशेने फिरणाऱ्या यंत्रात त्यातल्या तीनच टॉर्क ओढतात, एक सोडून एक. बाकीच्या तीन नुसत्या बसलेल्या असतात. आता, ओढणाऱ्या तीनच पाकळ्या दबून पातळ झाल्या असतील, बाजूला फुगल्या असतील आणि उरलेल्या तीन नव्यासारख्या असतील, तर तो टॉर्कचा जोर आहे. तेव्हा मोठ्या कपलिंगचा विचार करायला हरकत नाही. एखाद-दुसरी पाकळी मुळातून साफ कापली गेली असेल तर एकदम धक्का बसला आहे: पंप अडकला, इंपेलरमध्ये (पंपाच्या फिरत्या चाकात) काही शिरलं किंवा उलट फिरत असताना मोटर चालू केली. पाकळीचा पृष्ठभाग ठीक, पण आतून मऊ, करपलेली आणि कापल्यावर चिकट लागत असेल, तर ती सतत दाबली-सोडली जाऊन आतल्या आत तापली आहे.

आणि चौथी खूण, जी तुमच्याकडे असेल असा माझा अंदाज आहे. सगळ्या पाकळ्यांच्या कडा घासून गोलसर झालेल्या, हबच्या दातांवर बारीक भुकटी चिकटलेली आणि गार्डच्या (कपलिंगवरच्या झाकणाच्या) आत खाली तिचाच थर. गार्ड काढल्यावर बोट फिरवलंत तर काजळीसारखं हाताला लागेल. ही भुकटी म्हणजे दोन शाफ्टच्या रेषा जुळत नाहीत. प्रत्येक फेऱ्याला पाकळी दातांमध्ये थोडी सरकते, घासते, परत जागेवर येते. मिनिटाला 1450 वेळा. दिवसाला वीस लाखांहून जास्त वेळा.

पाचवी खूण तुमच्या बाबतीत शक्य आहे म्हणून सांगतो. स्पायडरला भेगा पडल्या असतील आणि नखाने तुकडे निघत असतील, बिस्किटासारखे, तर पाणी आणि उष्णतेने पॉलियुरेथेन सडलं आहे. काही पॉलियुरेथेन गरम वाफेत हळूहळू मोडतात. सील गळायला लागलं की गरम पाण्याची वाफ नेमकी कपलिंगवर येते. म्हणजे स्पायडरने सील घालवलं आणि सीलने पुढचा स्पायडर. अशा जागी नायट्राइल रबराचा स्पायडर बरा. त्याची टॉर्कची क्षमता कमी असते, म्हणून तो लावताना वरचा हिशेब पुन्हा करा.

रेषा का जुळत नाहीत? तुम्ही म्हणाल, अलाइनमेंट (दोन शाफ्ट एका रेषेत आणणं) तर केली होती. केली असणारच. पण कधी? पंप थंड असताना. आणि पाइप जोडण्याआधी की नंतर?

माझ्या मते इथली मुख्य भानगड पाइपची आहे. गरम पाण्याच्याच एका पंपावर मला असंच बोलावलं होतं. लेझरने दोनदा अलाइनमेंट झाली होती, कागदावर आकडे सुंदर होते, तरी कपलिंग महिनाभरात खलास. मी मोटरच्या हबवर मॅग्नेटिक बेस लावून डायलचं (काट्याच्या मापकाचं) टोक पंपाच्या हबवर वरून टेकवलं, दुसरी डायल बाजूने, आणि दोन्हींचे काटे शून्यावर आणले. मग फिटरला डिलिव्हरीच्या पाइपच्या फ्लँजचे (पाइप पंपाला जोडणाऱ्या चकतीचे) बोल्ट सैल करायला सांगितलं. पहिले दोन बोल्ट, काटा जागेवर. तिसऱ्या बोल्टला पान्याने अर्धा आटा दिला आणि बाजूच्या डायलचा काटा सरकायला लागला. आम्ही दोघंही नुसते बघत राहिलो. शेवटचा बोल्ट सुटला तेव्हा काटा 0.42 वर होता आणि फ्लँज तिरका होऊन एका बाजूला सरकला होता. तो पाइप पंपाला रोज, चोवीस तास, कुशीवर ओढत होता. फ्लँजची भोकं जुळत नव्हती म्हणून कुणीतरी टॉमी (लोखंडी कांब) घालून ती ओढून बसवली होती, आणि त्याची किंमत कपलिंग मोजत होतं.

ही परीक्षा तुमच्याकडे करा. अर्थात मोटरचा पुरवठा तोडून कुलूप लावून, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद करून, पाणी काढून आणि थंड झाल्यावरच. फ्लँज सोडताना किंवा आवळताना काटा 0.05 मिमीपेक्षा जास्त हलता कामा नये. हलला तर पाइपचे आधार नीट करा, तुकडा कापून पुन्हा वेल्ड करा, पण पंपाला पाइपचा आधार म्हणून वापरू नका. पंप थंड असताना काटा हलला नाही तरी काम संपलं असं नाही. तीन मीटर लांबीचा सरळ लोखंडी पाइप 30 वरून 85 अंशांवर गेला की जवळपास 2 मिमी लांब होतो. त्या 2 मिमीला जायला जागा हवी: वळण, बेलो किंवा सरकता आधार. जागा नसेल तर तो पंपाला ढकलतो, आणि तेही पंप गरम असताना, जेव्हा तुमची डायल पेटीत असते.

पंपाचं स्वतःचं प्रसरणही जोडा. पायापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत 225 मिमी उंची आणि त्या भागाचं सरासरी तापमान 40 अंशांनी वाढलं असं धरा. बिडाचं प्रसरण दर अंशाला मीटरमागे सुमारे 11 मायक्रॉन. 225 मिमीला हे 0.1 मिमी होतं. तुमच्या मोटरची मध्य-उंची बहुधा 160 मिमी असेल, ती 20 अंशांनी तापली तर 0.035 मिमी वर येते. फरक साधारण 0.065. म्हणजे थंड असताना मोटर तेवढी उंच ठेवायची, गरम झाल्यावर दोघं एका रेषेत येतात. मोटरची बॉडी अॅल्युमिनियमची असेल तर हे गणित बदलतं, कारण अॅल्युमिनियम बिडाच्या दुपटीने वाढतं. 1500 फेऱ्यांच्या यंत्राला मी समांतर चूक 0.06 पर्यंत चांगली आणि 0.09 पर्यंत चालेल अशी मानतो. यंत्र थंड असताना शून्य करून खूश झालात तर चालू यंत्रात ती सूट जवळजवळ संपलेलीच असते.

अलाइनमेंटचा क्रम सांगतो. यात घाई झाली की सगळं वाया.

आधी पाय बघा. मोटरचे चारही बोल्ट आवळा, एका पायावर डायल टेकवा आणि फक्त त्याच पायाचा बोल्ट सैल करा. काटा 0.05 पेक्षा जास्त उचलला तर तो पाय हवेत होता आणि बोल्टने त्याला खाली खेचलं होतं. चार पायांच्या डुगडुगणाऱ्या टेबलासारखंच आहे हे. फरक इतकाच की इथे बोल्ट टेबलालाच वाकवतो, मोटरची बॉडी पिळली जाते आणि आतली बेअरिंगं तिरकी होतात. प्रत्येक पायाखाली स्टेनलेस स्टीलच्या शिम (पातळ पट्ट्या) घाला, तीन-चारपेक्षा जास्त नकोत. आठ पातळ शिम घातल्यात तर ती स्प्रिंग होते. पत्र्याचे डबे कापून शिम करणारे मी पाहिले आहेत. तो पत्रा गंजतो, चेपतो आणि सहा महिन्यांत सगळी मेहनत खाली बसते.

मग डायल. दोन्ही शाफ्ट एकत्र फिरवा, एकच फिरवला तर हबचा वेडेवाकडेपणाही रीडिंगमध्ये येतो. वर शून्य करा, पाव-पाव फेरा फिरवत उजवीकडे, खाली, डावीकडे वाचा. समजा उजवीकडे +0.12, खाली −0.20, डावीकडे −0.32 आलं. उजवं आणि डावं मिळवा: −0.20. वरचं आणि खालचं मिळवा: तेही −0.20. जुळलं, म्हणजे रीडिंग खरं. जुळलं नाही तर ब्रॅकेट सैल आहे किंवा डायल अडकते आहे, शिम कापायला बसू नका. आता इथे बरेच जण फसतात: डायलचा फरक हा खऱ्या चुकीच्या दुप्पट असतो. वर-खालचा फरक 0.20, म्हणजे उभी चूक 0.10. आडवी चूक 0.44 ची निम्मी, 0.22. ब्रॅकेट लांब असेल तर त्याचा झोळही मोजून वजा करा. एका सरळ जाड पाइपवर तेच ब्रॅकेट लावून वरून खाली फिरवलं की झोळ किती ते कळतं.

कोनाची चूक हबच्या दोन चेहऱ्यांमधल्या फटीवरून निघते. 120 मिमी व्यासाच्या हबवर वरची फट खालच्यापेक्षा 0.06 ने जास्त आली, मोटरचा पुढचा पाय कपलिंगपासून 150 मिमीवर आणि मागचा 400 वर आहे असं समजा. 0.06 भागिले 120 गुणिले अंतर: पुढे 0.075, मागे 0.20. एवढ्या शिमचा फरक. फट वर जास्त आहे तर मागचे पाय उचलायचे, खाली जास्त असेल तर उतरवायचे. हे गणित वहीत न मांडता केवळ अंदाजाने शिम घालत-काढत बसणारा माणूस अख्खी पाळी घालवतो आणि शेवटी वैतागून आहे तसं सोडून देतो. त्यात त्याचा दोष कमी, त्याला पद्धत कुणी शिकवलेली नसते.

लेझर असेल तर वेळ वाचतो, झोळाचा प्रश्न उरत नाही. पण डुगडुगणारा पाय आणि ओढलेला पाइप लेझरही बरा करत नाही. वरच्या पंपावर तेच झालं होतं.

आता हब बसवण्याबद्दल. तुमच्या मोटरचा शाफ्ट 42 मिमी असेल तर चावी 12 बाय 8 ची. हब काढल्यावर बोअरमध्ये आणि चावीवर कोकोसारखी लालसर-तपकिरी भुकटी दिसली तर हब शाफ्टवर सूक्ष्म हलत होता, बसणी सैल आहे. असा हब पंच मारून किंवा पत्र्याची पट्टी घालून 'घट्ट' करू नका, बदला. सैल हबवर केलेली अलाइनमेंट म्हणजे वाळूवरची आखणी. घट्ट बसणारा नवा हब घणाने ठोकूनही बसवू नका, प्रत्येक ठोका मोटरच्या बेअरिंगच्या गोळ्यांतून जातो आणि त्यांच्या मार्गावर खळगे पाडतो. हब तापवा. 50 मिमीचा बोअर 100 अंशांनी तापला की 0.06 मिमीच्या आसपास मोठा होतो, एवढं पुरतं, हाताने सरकतो. इंडक्शन हीटर उत्तम, तेलाचं कढत भांडंही चालतं. गॅसच्या ज्योतीने एकाच जागी तापवू नका. आणि हो, स्पायडर आधी काढून ठेवा.

दोन हबमधली फट कॅटलॉगप्रमाणे ठेवा. ती शून्य केलीत तर स्पायडर चिमटीत सापडतो, शाफ्ट लांब झाला की सरळ थ्रस्ट बेअरिंगवर (शाफ्टचा लांबीच्या दिशेचा जोर घेणाऱ्या) दाबतो. फार ठेवलीत तर पाकळ्या अर्ध्याच दातात बसतात आणि टोकाकडून कुरतडल्या जातात.

कपलिंग बदलायचंच असेल तर माझी निवड स्पेसरवालं (मधे काढता येणारा तुकडा असलेलं) डिस्क कपलिंग, किंवा खर्च आवरायचा असेल तर स्पेसरवालं जॉ. स्पेसरचा फायदा भूमितीचा आहे. 140 मिमीच्या स्पेसरच्या दोन्ही टोकांना वाकणारे जोड असतात. शाफ्ट 0.1 मिमी सरकलेले असतील तर प्रत्येक जोडाला फक्त 0.04 अंशांचा कोन घ्यावा लागतो, आडवा जोर अगदी थोडा पडतो. एकाच छोट्या स्पायडरला तीच चूक दाबून सोसावी लागते. शिवाय स्पेसर काढला की मागून निघणाऱ्या पंपाचा रोटर मोटर न हलवता बाहेर येतो, सील बदलणाऱ्या माणसाचा दिवस वाचतो. डिस्क कपलिंगला ग्रीस लागत नाही. पण त्याच्या पातळ पत्र्यांना वाकणं सोसतं, वाईट अलाइनमेंट नाही. ते भुकटी सोडून इशारा देत नाहीत, बोल्टजवळ केसाएवढी चीर पडते आणि मग एक दिवस तुटतात.

गियर कपलिंग जड कामाला चांगलं, रोलिंग मिलसारख्या जागी त्याला तोड नाही. 15 किलोवॉटच्या पंपाला ते नको. त्याला वेळेवर ग्रीस लागतं, तेही कपलिंगचं ग्रीस, कारण बेअरिंगचं साधं ग्रीस फिरताना तेल आणि साबण (ग्रीसला घट्ट करणारा भाग) असं वेगळं होतं आणि साबण दातांत साचतो. ग्रीस संपलं की दात घट्ट धरतात आणि ते कपलिंग सरळ दांड्यासारखं वागायला लागतं. टायर कपलिंग चुका जास्त सोसतं, पण तुमच्याकडे वाफ आहे आणि टायरही रबराचाच. पिन-बुश कपलिंगबद्दल (पिनांवर रबरी बुश असलेलं) वेगळं काही नाही, जे स्पायडरचं तेच बुशांचं.

तर आता नवीन 92 शोअरचा किंवा नायट्राइलचा स्पायडर घ्या, कडक नको. पाइप सोडून डायलची परीक्षा, मग पाय, मग अलाइनमेंट, पंपाच्या वाढीचे 0.06 मोटरला आधीच देऊन. सील बदलायचं आहेच, तेही याच वेळी. गार्ड लावा, पंप चालू करा, चार तास पूर्ण गरम होऊ द्या. मग बंद करून, पुरवठा तोडून कुलूप लावून, लगेच, पाच-दहा मिनिटांत, गरम असतानाच डायलने पुन्हा चार रीडिंग घ्या. तीच तुमच्या पंपाची खरी अलाइनमेंट. थंड आणि गरम दोन्ही आकडे तारखेसह बेसप्लेटवर ऑइल पेंटने लिहून ठेवा, पुढच्या वेळी पंप उघडणाऱ्या माणसाला ते तिथेच सापडतील.